मर्कटाच्या मेंदूचे गाव

आमच्याकडची माणसे युरोपात जातात ती पॅरिसचा मनोरा पाहायला, नाहीतर स्वित्झर्लंडच्या बर्फात उभे राहून फोटो काढून घ्यायला. परत आल्यावर चॉकलेटे वाटतात आणि पुढे महिनाभर 'तिकडची स्वच्छता' हा विषय त्यांना पुरतो. २०२५ च्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुट्टीत, मीही तिकडे जाऊन आलो. पण काय पाहिलेत असे कुणी विचारले, की माझी पंचाईत होते. 'माकडाचा मेंदू पाहून आलो' असे मराठीच्या प्राध्यापकाने स्टाफरूममध्ये सांगितल्यावर काय होणार? एक सहकारी चहाचा कप खाली ठेवून म्हणालाच, "त्यासाठी इतक्या लांब कशाला गेलात? आपल्या वर्गातली शेवटची रांग होती की!"

थट्टा राहू द्या. मी गेलो होतो तो आक्काच्या कामासाठी.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे मला वाढवले ते तिनेच. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे तिच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. जीव वाचला, हातपाय वाचले, वाचाही वाचली. घरी आल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात फोडणीच्या वासावरून मोहरी कमी पडल्याचे सुनेला सांगितले, तेव्हा आम्ही सगळे निर्धास्त झालो. आणि मग हळूहळू लक्षात आले, की आक्काला चेहरे ओळखू येत नाहीत. डोळे ठणठणीत आहेत, पेपर वाचते, सुईत दोरा ओवते. नाक दिसते, डोळे दिसतात, मिशी दिसते. पण या सगळ्याचा मिळून माणूस होत नाही. मी खोलीत गेलो की ती परक्या माणसाकडे पाहावे तशी पाहते. मी "आक्का" अशी हाक मारली, की मग तिचा चेहरा उजळतो. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की चेहरे ओळखण्याचे काम मेंदूच्या मागच्या, खालच्या बाजूचा एक भाग करतो, आणि नेमका तोच दुखावला आहे.

योगायोग असा, की तिचा धाकटा मुलगा, म्हणजे आमचे भाचेबुवा, जर्मनीतल्या युलिश नावाच्या गावात माकडाच्या मेंदूची प्रतिकृती संगणकात बांधणाऱ्या मंडळींत काम करतो. आणि तीही मेंदूच्या कोणत्या भागाची? तर पाहण्याच्या भागाची!

निघण्याच्या आदल्या दिवशी आक्काने भाजणी, मेतकूट आणि बेसनाचे लाडू बांधून दिले आणि तीन प्रश्न विचारून यायला सांगितले. पहिला, तो तिथे दिवसभर करतो तरी काय. दुसरा, त्यापायी माकडे मारतात की काय. दर शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या बाईला ही काळजी वाटणे साहजिक होते. तिसरा प्रश्न तिने मी उंबऱ्यापाशी पोहोचल्यावर विचारला. "आणि हे बघ, माझं बरं व्हायचं असेल तर ते त्यांच्या यंत्रात कळतं का, तेही विचार."

युलिश हे पश्चिम जर्मनीतले तीसएक हजार वस्तीचे गाव. कोलोनहून आगगाडीने ड्यूरेनला यायचे आणि तिथे एका चिमुकल्या गाडीत बसायचे. ही गाडी रूर नदीच्या काठाकाठाने जाते. शाळेच्या भूगोलात आपण कोळशासाठी पाठ केलेली रुर ती ही नव्हे; ही निराळी, लहान आणि नावातही थोडी आखूड. दोन्ही बाजूंना सपाट शेते. त्यांत हातभर अंतरावर कोवळी रोपे दिसली. भाचेबुवा म्हणाले, बीट. इथली साखर बिटाची, आणि गावात साखर कारखानाही आहे. हे ऐकून मला एकदम सांगली-कोल्हापूरकडे आल्यासारखे वाटले. दूर क्षितिजावर एक लांबलचक डोंगर दिसत होता. सह्याद्रीच्या माणसाला डोंगर दिसला की बरे वाटते, म्हणून मी कौतुक केले, तर कळले की तो डोंगर माणसांनी रचलेला आहे. शेजारी हामबाखची कोळशाची प्रचंड उघडी खाण आहे. तिच्यातून उपसलेली माती टाकून टाकून तो झाला. आता त्याच्यावर अरण्य उभे आहे.

गावात पाहण्यासारखा एक भुईकोट किल्ला आहे. सोळाव्या शतकात पास्क्वालिनी नावाच्या इटालियन स्थपतीने तो बांधला. त्याच्या तटाच्या आत आज मुलांची शाळा भरते. मी गेलो तेव्हा मधली सुट्टी होती, आणि तोफांसाठी बांधलेल्या बुरुजाखाली पोरे चेंडू खेळत होती. बाकीचे गाव मात्र नवे दिसते. इतके जुने गाव इतके नवे कसे, असे मला वाटले. कारण ऐकून मी गप्प झालो. १६ नोव्हेंबर १९४४ या एका दिवसाच्या बाँबहल्ल्यात गावाचा ९७ टक्के भाग जमीनदोस्त झाला. पुढे लोक परत आले आणि जुन्या रस्त्यांच्या आखणीवर त्यांनी पुन्हा घरे बांधली. मला आक्काचा मेंदू आठवला. तिथेही एक वस्ती उठली आहे. पण तिथे पुन्हा घर बांधायला कुणी येत नाही.

गावाबाहेरच्या रानात संशोधन केंद्र आहे. १९५६ साली ते अणुसंशोधनासाठी निघाले. तिथली दिदो नावाची अणुभट्टी २००६ मध्ये बंद झाली, आणि आता ऊर्जा, संगणक, मेंदू अशा नाना विषयांवर काम चालते. सुमारे सात हजार माणसे कामाला आहेत, आणि बहुतेक सगळी सायकलवर. झाडीतून एखाद्या विद्वानाची सायकल अशी काही सुसाट येते, की फर्ग्युसन रस्ता ओलांडण्याचा माझा सगळा अनुभव तिथे कामी आला.

"चल, माकड दाखवतो," भाचेबुवा म्हणाले.

माकड म्हणजे एक पडदा होता. त्यावर काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडत होता. एकेक ठिपका म्हणजे एका चेतापेशीचा एक संदेश. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ठिपकेच होते.

"आता मला मराठीतून सांग," मी म्हणालो.

त्याने जे सांगितले ते माझ्या समजुतीप्रमाणे वाचकांपुढे ठेवतो. चेतापेशी ही एक गळकी बादली समजा. इतर पेशींकडून संदेश आले की तिच्यात थोडे थोडे पाणी पडते. काही पेशी उलट पाणी काढून घेतात. मधल्या वेळात बादली गळतच असते. पाणी ठराविक खुणेपर्यंत चढले, की बादली एकदम रिकामी होते आणि पुढच्या हजारो बादल्यांना आपला संदेश धाडते. मग क्षणभर विश्रांती. संगणकात प्रत्येक पेशीसाठी एवढेच गणित मांडलेले असते, आणि ते शाळकरी पोरालाही समजेल असे आहे. अवघड आहे ती संख्या. मेंदूच्या सुरकुतलेल्या सालीचा एक चौरस मिलिमीटर तुकडा घ्या, मोहरीच्या दाण्याएवढा. त्याच्याखाली सुमारे ८० हजार पेशी आणि त्यांच्यात ३० कोटी जोड असतात. या एवढ्या तुकड्याची प्रतिकृती इथल्याच मंडळींनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली.

पण एका मोहरीने मेंदू होत नाही. मकाक जातीच्या माकडाच्या मेंदूत पाहण्याशी संबंधित अशी ३२ क्षेत्रे आहेत. फेलमन आणि व्हॅन एसेन या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये तोवर जगभर झालेल्या संशोधनातून त्यांचा नकाशा जुळवला आणि त्यांच्यामधल्या ३०५ वाटा नोंदवल्या. एका क्षेत्राला रेषा कळतात, एकाला हालचाल, तर शेवटच्या काहींना वस्तू आणि चेहरे. युलिशच्या मंडळींनी या प्रत्येक क्षेत्राचा एकेक चौरस मिलिमीटर घेतला आणि सगळे तुकडे त्या वाटांनी जोडले. झाल्या ४१ लाख पेशी आणि त्यांच्यातले २,४०० कोटी जोड! हे गणित तेव्हा युकीन नावाच्या महासंगणकावर केले. त्यात साडेचार लाखांवर गणनाकेंद्रे होती. तो संगणक २०१८ मध्ये निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी हे काम प्रसिद्ध झाले.

"आणि आम्ही त्यातून काय शिकलो माहीत आहे, मामा?" भाचेबुवांना आता रंग चढला होता. "एकेक तुकडा वेगळा ठेवला, तर तो आपापल्या परीनं बरा वागतो. पण खऱ्या मेंदूत जशी संथ भरती-ओहोटी सगळीकडे मिळून येते, तशी काही केल्या येईना. मग तुकड्यांमधले दूरचे जोड थोडे बळकट केले, आणि ती आली! फार बळकट केले, तर मात्र सगळ्या पेशी एकाच वेळी ओरडायला लागल्या. या दोहोंच्या मधल्या अगदी चिंचोळ्या पट्टीत मेंदू मेंदूसारखा वागतो."

माझ्या मनात आले, हे कळायला महासंगणक कशाला? आमच्या वाड्यातल्या कुठल्याही म्हातारीने एकत्र कुटुंबाचे हेच शास्त्र सांगितले असते. पण त्याचे डोळे इतके चमकत होते, की मी ते बोललो नाही. शिवाय तो स्वतः घरापासून सात हजार किलोमीटरवर राहत होता. दूरच्या जोडांविषयी त्याला काही ऐकवणे मला प्रशस्त वाटले नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. दुसरा प्रश्न मी उपाहारगृहात विचारला.

भाचेबुवा जरा वेळ बटाट्याशी चाळा करीत राहिले. मग म्हणाले, "आमच्या संगणकात कुणी मरत नाही, मामा. पण वाटांचा नकाशा आला तो माकडांकडूनच. एका क्षेत्रात रंगद्रव्य टोचायचं. ते धाग्यांमधून उलटं प्रवास करून जिथून धागे निघाले त्या पेशींपर्यंत पोहोचतं. पुढं मेंदू काढून त्याचे पातळ काप करायचे आणि रंगलेल्या पेशी मोजायच्या. फ्रान्समध्ये लियोंजवळच्या मंडळींनी अशी मोजणी वर्षानुवर्षं केली. ती आकडेवारी आम्ही वापरतो. आहे तीच पुन्हा पुन्हा वापरायची, म्हणजे तितकी नवी माकडं लागत नाहीत. पण आमचे हात अगदी स्वच्छ आहेत, असं आईला सांगू नकोस."

मला तो तेव्हा फार आवडला. आणि आपले हात तरी कुठे स्वच्छ आहेत? १९५० च्या दशकात पोलिओची लस करण्यासाठी रिसस माकडे हवी होती, आणि ती उत्तर भारताच्या रानांतून पिंजऱ्यांत भरून परदेशी जात. अशी लाखो माकडे आपण विकली. ही निर्यात सरकारने १९७८ मध्ये बंद केली. लहानपणी माझ्या दंडावर टोचलेल्या आणि जिभेवर पडलेल्या लशींच्या मागे किती पिंजरे असतील, याचा मी कधी विचार केला नव्हता. माथेरानला हातातली कणसे पळवणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांना शिव्या मात्र भरपूर दिल्या होत्या.

तिसरा प्रश्न विचारायला मला दोन दिवस धीर झाला नाही. शेवटच्या संध्याकाळी आम्ही केंद्राच्या रानात फिरायला गेलो. तिथे नव्या महासंगणकाचे काम चालले होते. इमारत अशी नव्हतीच. मोठमोठे कंटेनर ओळीने मांडावेत तसा प्रकार. हा युपिटर, म्हणजे आपला गुरू ग्रह. ५ सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे रीतसर उद्घाटन झाले. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतकी गणिते करण्यासाठी बांधलेला हा युरोपातला पहिला संगणक.

"यात सगळं माकड मावेल?" मी विचारले.

"माकडाच्या मेंदूत सहाशे कोटींच्या वर पेशी असतात, माणसाच्या आठ हजार सहाशे कोटी. २०१३ मध्ये आमच्या लोकांनी जपान्यांबरोबर कोबे शहरातल्या महासंगणकावर १७३ कोटी पेशी चालवून पाहिल्या. त्या पेशींचा एक सेकंद मोजायला संगणकाला चाळीस मिनिटं लागली. नुसत्या पेशी मावतील रे. पण कुणाचा जोड कुणाला आणि किती घट्ट, हे माहीत नसेल तर ती नुसती गर्दी."

मी धीर केला. "आक्कानं विचारलंय, तिचं बरं व्हायचं असेल तर तुमच्या यंत्रात कळतं का?"

तो थांबला. एका सायकलवाल्याने घंटा वाजवली, तेव्हा मी त्याला हाताला धरून बाजूला घेतले.

"मामा, आमचं हे माकड पाहण्याच्या मेंदूचं आहे, पण ते काही पाहत नाही. आम्ही त्याला अजून एकही चित्र दाखवलेलं नाही. ते डोळे मिटून स्वस्थ बसलेलं माकड आहे. त्या स्वस्थपणात पेशींत काय चालतं, एवढंच आम्ही जुळवलं आहे. चेहरा ओळखणं फार फार पुढची गोष्ट. ३२ मधलं एखादं क्षेत्र बंद करून बाकीच्यांचं काय होतं, ते गणित मांडता येईल. मी एकदा मांडलंही. रात्री, कुणी नसताना. पडद्यावरचे ठिपके थोडे बदलले. त्या ठिपक्यांत आई नव्हती."

आम्ही बराच वेळ बोललो नाही. मग तोच म्हणाला, "एक गंमत सांगतो. डोळे उघडे असताना संदेश डोळ्यांकडून आत, वरच्या क्षेत्रांकडे जातात. आमच्या मिटल्या डोळ्यांच्या माकडात प्रवाह बहुतेक उलटा वाहतो, वरच्या क्षेत्रांकडून खाली. झोपेत, किंवा मनात एखादं चित्र आणताना, प्रयोगांत जसं दिसलं आहे तसाच. पण यावरून आईबद्दल काही ठरवू नकोस. ते शास्त्र नव्हे."

घरी परतल्यावर मी आक्काला सगळा वृत्तांत दिला. गळक्या बादल्या तिला लगेच समजल्या. पुण्यात राहणाऱ्या बाईला त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. माकडांचे ऐकून तिने हात जोडले. आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी जसेच्या तसे दिले. गोड करून सांगावे असे विमानात दहा वेळा मनात आले होते, पण जिने मला वाढवले तिच्याशी मला ते जमले नाही.

"म्हणजे नाही कळत," आक्का म्हणाली.

"अजून नाही."

"बरं. खोटं बोलला नाही पोरगा." तिने डब्याचे झाकण घट्ट लावले. मग मी त्या उलट्या प्रवाहाची गोष्टही सांगितली आणि, शास्त्र नसले तरी, विचारले, "आक्का, डोळे मिटलेस तर तो दिसतो का गं तुला?"

तिने डोळे मिटले. "दिसतो की. बारा वर्षांचा दिसतो. मुंजीत रुसून बसला होता तसा. आता कसा आहे ते मात्र तूच सांग."

मी सांगितले. कानशिलावर केस पिकले आहेत. हसला की उजव्या गालाला आमच्या आईसारखी खळी पडते. बोलताना चष्मा सारखा वर सारतो. आक्का डोळे मिटूनच ऐकत होती आणि मध्ये मध्ये मान हलवत होती. मला आयुष्यात इतके लक्षपूर्वक ऐकणारा विद्यार्थी मिळालेला नाही.

भाचेबुवांचा फोन दर रविवारी येतो. तसबीर पडद्यावर उमटण्याआधीच तो "आई, मी" म्हणतो. जूनमधल्या एका रविवारी आक्काने त्याला आपले गणित सुनावले. "तुझ्या माकडाचे लांबचे जोड तू बळकट करतोस, आणि इथला? तीन वर्षांत एकदा आलास." पलीकडे काही वेळ कुणी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात त्याने दिवाळीचे तिकीट काढल्याचे कळवले.

चकलीची भाजणी दळून आली आहे. सोबत कोणते कपडे आणावेत, इथे थंडी पडली का, असे प्रश्न तो मला कळवून विचारीत असतो. त्या सगळ्यांना मी एकच उत्तर धाडले आहे. कपडे कसलेही आण. दारात आलास की आत पाऊल टाकण्याआधी हाक मार.